स्वतंत्र कॉमिक्सचे सुरुवातीचे अंक: पहिले मुद्रण कसे ओळखावे आणि ‘दुर्मीळ’ या दाव्यावर किती विश्वास ठेवावा?

प्रश्न

नमस्कार. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून लेखक-चित्रकारांनी स्वतः किंवा एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या मदतीने काढलेली कॉमिक्स मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. आजवर ती बहुतेक संकलित खंडांतूनच वाचली. आता मात्र काही मालिकांचे सुरुवातीचे सुटे अंक, ते ज्या रूपात पहिल्यांदा वाचकांच्या हाती पडले त्याच रूपात, संग्रही असावेत असे मनापासून वाटू लागले आहे. खंडांमध्ये वाचकांची पत्रे, त्या काळच्या जाहिराती आणि लेखकाने शेवटच्या पानावर केलेले निवेदन सहसा गाळलेले असते, आणि मला ते सारे मूळ कथेइतकेच महत्त्वाचे वाटते.

अडचण अशी, की विक्रीला असलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या अंकावर ‘दुर्मीळ’ आणि ‘पहिले मुद्रण’ हे शब्द असतातच. एकाच मुखपृष्ठाने अनेकदा छापल्या गेलेल्या अंकांतून पहिले मुद्रण कसे वेगळे काढावे, बनावट प्रती खरोखरच आढळतात का, आणि प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली, गुणांकन झालेली प्रतच घ्यावी की सुटी घेतली तरी चालेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

प्रश्न अगदी योग्य वेळी विचारला आहे, कारण हे सारे खरेदीपूर्वीच समजून घ्यायला हवे.

बनावट प्रती आढळतात, आणि त्यांची दोन उदाहरणे प्रत्येक संग्राहकाला पाठ असावीत. डेव्ह सिम यांच्या ‘सेरेबस’चा पहिला अंक डिसेंबर 1977 चा, त्याच्या सुमारे 2,000 प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच प्रतींची छपाईही यथातथाच होती. या अंकाची बनावट आवृत्ती निघालेली आहे. खऱ्या प्रतीच्या मुखपृष्ठाची आतली बाजू निस्तेज, चकाकी नसलेली असते, तर बनावट प्रतीत ती गुळगुळीत आणि चकचकीत असते. शिवाय बनावट प्रतीच्या मुखपृष्ठावरील काळी पार्श्वभूमी डागाळलेली, ठिपकेदार दिसते. म्हणजे इथे जी प्रत आतून अधिक झकपक दिसते, तिच्याविषयीच आधी शंका घ्यावी लागते. दुसरे उदाहरण ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’च्या पहिल्या अंकाचे. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी तो मे 1984 मध्ये ‘मिराज स्टुडिओज’ या नावाने स्वतः प्रकाशित केला. पहिल्या मुद्रणात सुमारे 3,000 प्रती निघाल्या आणि लगेचच त्याच्या दुप्पट प्रतींचे दुसरे मुद्रण करावे लागले. त्याच्या बहुतेक बनावट प्रतींमध्ये मलपृष्ठाच्या मध्यभागी सुमारे अर्धा इंच रुंदीची एक पांढरी रेघ किंवा ओरखडा दिसतो, मुखपृष्ठाचा काळा रंग गडद काळा नसून निळसर झाक मारतो, आणि आतला कागद त्या वयाच्या अंकाला न शोभेल इतका पांढराशुभ्र असतो.

मुद्रण ओळखण्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे मुखपृष्ठाच्या आत किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेला प्रकाशनाचा तपशील वाचणे. पुढच्या मुद्रणाचा उल्लेख पुष्कळदा तिथे सरळ केलेला असतो. पण छोट्या प्रकाशकांच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण त्यांतल्या अनेकांना आपला अंक पुन्हा छापावा लागेल याची कल्पनाच नव्हती, त्यामुळे नोंदींची शिस्तही नव्हती. अशा वेळी छापील किंमत उपयोगी पडते. ‘एल्फक्वेस्ट’च्या पहिल्या अंकाच्या पहिल्या मुद्रणावर 1 डॉलर किंमत आहे आणि पुढच्या मुद्रणांवर ती वाढलेली आहे. मुद्रकाचे नावही तितकेच महत्त्वाचे. रॉबर्ट क्रम्ब यांच्या ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला तेव्हा तो चार्ल्स प्लायमेल यांनी छापला होता, आणि त्या मुद्रणाच्या मलपृष्ठावर त्यांचे नाव आहे. हा अंक पुढे इतक्या वेळा छापला गेला आहे, की ते नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो पहिल्या मुद्रणाच्या भावाने कोणीही घेऊ नये.

विक्रेत्याकडे केवळ मुखपृष्ठाचे छायाचित्र असेल तर नम्रपणे आणखी छायाचित्रे मागावीत: मुखपृष्ठाची आतली बाजू, प्रकाशनाचा तपशील वाचता येईल असा जवळून घेतलेला फोटो, मलपृष्ठ, आणि मधले पान उघडून दिसणाऱ्या पिना. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र ‘दुर्मीळ’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नातला मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अंक जुना आहे, कृष्णधवल आहे आणि प्रकाशक अनोळखी आहे, एवढ्याने तो दुर्मीळ ठरत नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत कॉमिक्सच्या दुकानांना थेट पुरवठा करणारी नवी व्यवस्था उभी राहिली. तिच्यात दुकानदार न विकलेले अंक परत करू शकत नसे, त्यामुळे तो मोजकीच मागणी नोंदवी आणि प्रकाशकालाही आलेल्या मागणीच्या अंदाजाने छपाई करता येई. छोट्या प्रकाशकांना जगू देणारी व्यवस्था हीच, आणि त्यांचे पहिले अंक कमी संख्येत निघण्याचे मोठे कारणही हेच. पुढे टर्टल्सच्या पहिल्या अंकाची किंमत झपाट्याने वाढलेली पाहून 1986च्या सुमारास कृष्णधवल अंकांची लाट आली. साठवून नंतर विकण्याच्या आशेने लोकांनी प्रत्येक नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाचे गठ्ठे उचलले, आणि 1987 मध्ये ती लाट ओसरली तेव्हा ते गठ्ठे कोऱ्या अवस्थेत तसेच पडून राहिले. त्या दोन वर्षांतले पुष्कळसे ‘पहिले अंक’ आजही मुबलक उपलब्ध आहेत. त्यांत काही वाचनीय कामही आहे आणि वाचण्यासाठी ते अवश्य घ्यावे, परंतु दुर्मीळ म्हणून जादा किंमत मोजू नये.

दुसरा मुद्दा क्रमांकाचा. अंकावर ‘1’ छापले आहे म्हणजे तेच पहिले दर्शन, असे या क्षेत्रात गृहीत धरता येत नाही. वर ‘एल्फक्वेस्ट’चा उल्लेख आला आहे, पण त्या कथेचा पहिला भाग 1978 मध्ये ‘फँटसी क्वार्टर्ली’ नावाच्या, दुसऱ्याच प्रकाशकाच्या अंकात आला. ‘एल्फक्वेस्ट’चे निर्माते वेंडी आणि रिचर्ड पिनी यांना ते मुद्रण समाधानकारक वाटले नाही, म्हणून त्यांनी स्वतःची संस्था काढून पुढची कथा थेट दुसऱ्या अंकापासून सुरू केली. पहिल्या क्रमांकाचा अंक, जुनाच भाग नव्या मुखपृष्ठासह, 1979 मध्ये आला. ‘झॅप’चा शून्य क्रमांकाचा अंक चितारला गेला आधी, पण त्याची मूळ चित्रे हातची गेली आणि झेरॉक्स प्रतींवरून तो पहिल्या अंकाच्या नंतर छापावा लागला. स्टॅन साकाई यांचा ‘उसागी योजिम्बो’ प्रथम भेटतो तो 1984 मध्ये, ‘अल्बेडो’ या दुसऱ्याच मालिकेच्या दुसऱ्या अंकात. हर्नांडेझ बंधूंनी ‘लव्ह अँड रॉकेट्स’चा पहिला अंक 1981 मध्ये स्वतःच्या पैशाने काढला होता, बाजारात सहज मिळतो तो 1982 मध्ये ‘फँटाग्राफिक्स’ने पाने वाढवून काढलेला अंक. दोहोंवर क्रमांक एकच, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मला स्वतःला या घरगुती, भांडवल नसलेल्या प्रतींबद्दल विलक्षण ओढ वाटते: पुढे ज्यांच्या कामाला इतकी मान्यता मिळाली, त्यांनी अजून कोणीही दखल घेतलेली नसताना पानांची मांडणी कशी केली आणि किंमत ठरवताना किती संकोच केला, हे त्या प्रतींतच दिसते.

छपाईची संख्या आणि आज शिल्लक असलेल्या प्रती यांतही फरक करावा. जेफ स्मिथ यांच्या ‘बोन’चा पहिला अंक जुलै 1991 चा, पहिले मुद्रण सुमारे 3,000 प्रतींचे. हा आकडा टर्टल्सच्या पहिल्या मुद्रणाच्या जवळपास आहे. परंतु 1991 पर्यंत वाचकांना पिशवीत घालून अंक जपण्याची सवय लागलेली होती, तर ‘झॅप’सारखे अंक रस्त्यावर विकले गेले, हातोहात फिरले आणि अनेक घरांतून फेकलेही गेले.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. क्रमांकांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक पूरक प्रश्न: काही अंकांना पुरवणी किंवा वेगळे चिकटवलेले पान असते असे वाचले आहे. अशी प्रत पूर्ण आहे की नाही हे कसे पडताळावे? आणि डबीबंद प्रतीविषयीचा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद ३

पूर्णतेसाठी त्या विशिष्ट अंकाचे वर्णन आधी मिळवावे, मगच प्रत पाहावी. ‘रॉ’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रान्स्वाझ मूली आणि आर्ट स्पीगेलमन यांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या या मोठ्या आकाराच्या नियतकालिकात दुसऱ्या अंकापासून स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेची प्रकरणे छोट्या स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात आत जोडलेली असत. पुस्तिका काढून घेतलेली प्रत बाहेरून निर्दोष दिसते, पण ती अपूर्ण असते. उलट, त्याच नियतकालिकाच्या 1985च्या सातव्या अंकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा फाटलेला पाहून कोणी प्रत नाकारू नये: प्रत्येक प्रतीचा कोपरा प्रकाशकांनीच हाताने फाडून तुकडा आत टेपने चिकटवला होता. त्या अंकाचा कोपरा शाबूत असेल तरच विचारपूस करावी.

डबीबंद प्रतींविषयी माझे मत असे. गुणांकन करणाऱ्या संस्था 10 पैकी गुण देतात, रंग भरणे किंवा कागद जोडणे अशी दुरुस्ती झाली असल्यास तशी नोंद करतात, आणि प्रत अस्सल असल्याची खात्री करतात. महागड्या आणि बनावट निघालेल्या अंकांच्या बाबतीत हे संरक्षण मोलाचे आहे, आणि ‘सेरेबस’ किंवा टर्टल्सचा पहिला अंक प्रत्यक्ष न पाहता घ्यायचा असेल तर मी डबीबंद प्रतच सुचवेन. परंतु धागाकर्त्यांना वाचकांची पत्रे आणि शेवटच्या पानावरचे निवेदन वाचायचे आहे, आणि डबी बंद असताना त्यांतले काहीच वाचता येत नाही. त्यामुळे मध्यम अवस्थेतली, कण्यावर चार सुरकुत्या असलेली पण पाने आणि पिना शाबूत असलेली सुटी प्रत त्यांच्यासाठी अधिक योग्य ठरेल. तिची किंमतही पुष्कळ कमी असते.

सुटी प्रत घेतल्यावर साठवणुकीकडे लक्ष द्यावे. स्वस्त कागदात लाकडाचा लिग्निन हा घटक शिल्लक असतो आणि प्रकाश व हवा यांमुळे तो पिवळा पडून कागद ठिसूळ होतो, म्हणून अंक अंधाऱ्या, कोरड्या आणि तापमान फारसे न बदलणाऱ्या जागी उभे ठेवावेत. पिशवी पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रोपिलीनची आणि पाठीमागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. झेरॉक्सवर काढलेल्या छोट्या मिनी-कॉमिकांच्या बाबतीत पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक कटाक्षाने टाळावे, कारण टोनरची शाई त्याला चिकटते आणि पान बाहेर काढताना अक्षरे प्लास्टिकवर उमटून येतात. गंजलेल्या पिना स्वतः बदलू नयेत आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. दोन्ही गोष्टींची गणना पुढे दोष म्हणूनच होते. सुरुवात करायची झाली तर ज्या मालिकेचे खंड आपण वारंवार वाचले आहेत तिचाच एखादा चौथा किंवा पाचवा अंक आधी घ्यावा. तो पहिल्या अंकाच्या मानाने सहज परवडतो, आणि त्या प्रकाशकाचा कागद, शाई व तपशील छापण्याची पद्धत हातात घेऊन पाहिलेली असली की पहिल्या अंकाची छायाचित्रे समोर आल्यावर काय जुळते आणि काय खटकते ते लगेच कळते.