अकरावीपासून आयबी डिप्लोमा: सोलापूरच्या पालकाचा प्रश्न

प्रश्न (पालक, जुळे सोलापूर): माझी कन्या राज्य मंडळातून दहावीला आहे. तिला परदेशात अभियांत्रिकी शिकायचे असून, अकरावीपासून पुण्यातील एखाद्या खासगी आंतरराष्ट्रीय शाळेत आयबी डिप्लोमासाठी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पाठवावे का, असा विचार आम्ही करीत आहोत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक): प्रवेशापूर्वी विषयांची निवड नीट पाहावी. सहांपैकी साधारणतः तीन विषय उच्च स्तरावर घ्यावे लागतात, शिवाय 4,000 शब्दांपर्यंतचा स्वतंत्र संशोधनपर निबंध असतो आणि एकूण गुण 45 पैकी मोजले जातात. गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात. अभियांत्रिकीच्या अनेक नामांकित विभागांना त्यांपैकी ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ हा अभ्यासक्रम उच्च स्तरावर हवा असतो, म्हणून शाळा तो शिकवते का, हे शुल्काआधी विचारावे. पाठांतरावर वाढलेल्या मुलांना लेखनाचा हा भार सुरुवातीला खरोखर जड जातो, याची मला काळजी वाटते.

उत्तर (जर्मनीत शिकणाऱ्या मुलाची आई, होटगी रस्ता): जर्मनीचा विचार असेल तर बारावी आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण विद्यार्थ्यांना तांत्रिक शाखांसाठी थेट अर्ज करता येतो, अन्यथा बहुधा भारतात एक वर्ष पदवीचे शिक्षण किंवा तेथील ‘श्टुडिएनकोलेग’ (विद्यापीठ प्रवेशापूर्वीचे तयारीचे शिक्षण) करावे लागते. आयबीचा मोठा खर्च करण्याआधी हा मार्ग अवश्य तपासावा.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. गणिताविषयी शाळेकडून लेखी उत्तर मागवतो.