प्रॉडक्ट मॅनेजर हवा की नको? माझं मत: हवा, पण खुर्चीतला नको

ओंजळ (धागालेखिका)

गेल्या आठवड्यात डबा खाताना एका सहकाऱ्याने सरळ विचारलं, "तू नसतीस तर आमचं नेमकं काय अडलं असतं?" तो डेव्हलपर, मी प्रॉडक्ट मॅनेजर. त्याने रागाने विचारलं नव्हतं, म्हणूनच प्रश्न जास्त लागला. तेव्हा धड उत्तर सुचलं नाही, ते इथे देते. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

या कामात माझी नऊ वर्षं गेली. लोकांना वाटतं की हा माणूस मीटिंगा लावतो, जिरा नावाच्या सॉफ्टवेअरवर तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, लिहितो आणि "कधी होणार?" असं विचारत फिरतो. हे सगळं मी करते. पण माझ्या मते खरं काम वेगळं आहे: काय बनवायचं नाही हे वेळेत ठरवणं, आणि ते ठरवता यावं म्हणून आपली वस्तू जिथे वापरली जाते तिथे जाऊन उभं राहणं.

एक प्रसंग सांगते. तेव्हा मी दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. शेतकऱ्याला त्याच्या दुधाच्या फॅटचा महिन्याभराचा आलेख दिसावा, अशी कल्पना वरून आली. सहा आठवड्यांचं काम ठरलं. आमच्या डॅशबोर्डवर बहुतेक नोंदी सकाळी नऊ ते अकराच्या दिसायच्या, त्यामुळे सूचनाही अकरानंतर पाठवायच्या असं ठरलं होतं. मी हट्टाने सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावर पहाटे साडेपाचला जाऊन थांबले.

दूध सहा ते साडेसातमध्ये येऊन संपलं! केंद्राच्या सचिवांचे हात ओले, त्यावर दुधाचा ओशटपणा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. स्क्रीनवर बोट चालेना. ते दोनदा प्रयत्न करायचे, तिसऱ्यांदा सरळ वहीत लिहायचे. घरी जाऊन, आंघोळ, नाश्ता उरकून नऊनंतर वहीतले आकडे ॲपमध्ये भरायचे. त्या उतरवण्यात ३.४ चं ४.३ व्हायचं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, खाली आलं की कपात. म्हणजे एका आकड्याची अदलाबदल म्हणजे माणसाच्या बिलात फरक आणि केंद्रावर भांडण.

तिथे एक आजी किटली घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरी गेले तर चुलीशेजारच्या खुंटीला तारेत ओवलेल्या पावत्या. दहा दिवसांचं बिल आलं की सून एकेक पावती काढून बेरीज जुळवते. आलेख दाखवला तर आजी म्हणाल्या, "बाई, चिठ्ठी देता का ते सांगा."

आलेख मी रद्द करवला. त्याऐवजी फॅट मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा केबलने थेट ॲपमध्ये, सचिवांनी फक्त सभासद क्रमांक दाबायचा, बटणं तळहाताएवढी, आणि छापील चिठ्ठी. माझ्या लेखी प्रॉडक्ट मॅनेजरचं काम ते हेच. तुमचं मत काय?

टर्मिनल

प्रसंग आवडला. निष्कर्ष मान्य नाही.

मी १४ वर्षं कोड लिहितोय. तुम्ही जे केलंत ते उत्तम काम आहे, पण त्यासाठी वेगळं पद कशाला? त्या पहाटे तुमच्याबरोबर एक डेव्हलपर असता तर मशीनच्या मागचा पोर्ट बघून त्याने तिथेच सांगितलं असतं की आकडा थेट घेता येतो. आमचा अनुभव असा आहे की वापरणाऱ्या माणसापर्यंत जायची वाट याच पदाने अडवली. "ग्राहकाशी मी बोलते, तुम्ही कोड लिहा." मग आम्हाला मिळतो तो कुणीतरी ऐकलेला, कुणीतरी लिहिलेला, कुणीतरी गाळलेला मजकूर. सचिवांचे ओले हात तिकिटात येत नाहीत. तिकिटात येतं "बटणाचा आकार वाढवा".

जून २०२३ मध्ये फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या परिषदेत, घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की म्हणाले की त्यांनी पारंपरिक स्वरूपातलं प्रॉडक्ट मॅनेजरचं काम मोडीत काढलं, तेव्हा सभागृहातल्या डिझायनरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशामुळे आल्या याचा विचार या पेशातल्या लोकांनी करायला हवा.

पाऊलवाट

@टर्मिनल, ते विधान अर्धंच पसरलं. पुढे चेस्कींनीच खुलासा केला की माणसं काढली नाहीत, प्रॉडक्ट बनवणं आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचं मार्केटिंग या दोन जबाबदाऱ्या एकत्र केल्या. म्हणजे काम राहिलं, उलट वाढलं.

मी पैसे पाठवण्याच्या एका ॲपवर होते, नाव देत नाही. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, त्यात "कलेक्ट" म्हणून सोय होती: समोरच्याकडे पैसे मागायचे, त्याने पिन टाकला की पैसे मागणाऱ्याला मिळणार. इंजिनिअरिंगच्या बाजूने त्यात काहीही चूक नव्हती. टेस्टिंगमध्ये शंभर टक्के पास. पण जुना सोफा विकायला काढलेल्या काकांना फोन यायचा, "मी लष्करात आहे, पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका म्हणजे जमा होतील." काका पिन टाकायचे आणि स्वतःच्याच खात्यातून पैसे जायचे.

मी आठवडाभर तक्रारींच्या रेकॉर्डिंग ऐकल्या, रोज तीन तास. ऐकताना कळलं की माणसं घाईत नसतात, ती आनंदात असतात. पैसे येणार म्हणून. आमच्या पडद्यावर "मंजूर करा" असं बटण होतं. येणारे पैसे माणूस मंजूरच करणार ना! ते "पैसे द्या" असं केलं, रक्कम लाल केली, आणि वर लिहिलं की पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोड तीन ओळींचा असेल. पण त्या तीन ओळी कुठल्या, हे शोधायला कुणीतरी पूर्ण वेळ मोकळं असावं लागतं. डेव्हलपरला स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या कामाच्या फेरीत, ते ऐकायला वेळ कोण देणार?

टर्मिनल

तुमचंच उदाहरण घेतो. दोन व्यक्तींमधली ती कलेक्टची सोय पूर्ण बंद झाली १ ऑक्टोबर २०२५ पासून. सुरुवात २०१६ ची. मधली नऊ वर्षं इतक्या ॲपांमधल्या इतक्या प्रॉडक्ट मॅनेजरांना हे माहीत होतंच की. तुम्ही बटणाचा रंग बदललात, मनापासून बदललात, पण सोय काढून टाका म्हणायचा अधिकार तुम्हाला नव्हता. जबाबदारी सगळी आणि अधिकार शून्य, अशा पदाने माणूस झिजतो आणि काम होत नाही. माझा आक्षेप व्यक्तींवर नाही, या मांडणीवर आहे. निर्णय ज्याचा, त्यानेच केंद्रावर जावं. मालकाने जावं.

पाऊलवाट

हे मात्र खरं आहे. लागलं. त्या रेकॉर्डिंगमधले एक काका निवृत्त शिक्षक होते, त्यांचा आवाज अजून आठवतो.

जुनी_वही

अधिकाराचा मुद्दा निघाला म्हणून थोडा इतिहास. या पदाचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, साबणात आहे. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाची जाहिरात सांभाळत होते. कंपनीचाच आयव्हरी साबण इतका मोठा की कॅमेकडे कुणाचं लक्ष नाही. त्यांनी तीन पानी टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस द्या. कारण अगदी साधं होतं, त्यांना हाताखाली जादा माणसं हवी होती. हेच मॅकेलरॉय पुढे कंपनीचे अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

त्या टिपणात ब्रँडच्या माणसाचं काम काय लिहिलंय? माल कुठल्या भागात किती जातो ते आकड्यांत बघ. जिथे कमी जातो तिथे स्वतः जा, दुकानदाराशी बोल, गिऱ्हाइकाशी बोल, दुखणं शोध. ओंजळताई सांगलीत पहाटे जे करत होत्या ते ९० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे खुर्चीतला प्रॉडक्ट मॅनेजर हे पद बिघडल्याचं लक्षण मानावं, त्यावरून पदच नको म्हणू नये. माझं मत ओंजळ यांच्या बाजूने.

फुटाणा

टेस्टर म्हणून बोलते. आमच्याकडे प्रॉडक्ट मॅनेजर दोन वर्षं नव्हता. पहिले सहा महिने सगळे खूश. नंतर सेल्सवाले डेमोत जे कबूल करून यायचे ते फीचर होऊ लागलं. एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी एक, दुसऱ्यासाठी त्याच्या उलट. सेटिंगच्या पानावर टिक करायच्या ६० च्या वर चौकटी झाल्या, आणि प्रत्येक रिलीजला त्या सगळ्या जोड्या तपासायला मी रात्री थांबायचे. "नाही" म्हणणारं माणूस घरात लागतं. ते डेव्हलपरने म्हटलं तर "याला काम नको" असा अर्थ काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अंतिम_वर्ष

नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला याच क्षेत्रात यायचंय. एमबीए करू की आधी कोडिंगची नोकरी? प्रमाणपत्राचे कोर्स घ्यावेत का?

ओंजळ

@अंतिम_वर्ष, आधी कुठलंही प्रत्यक्ष काम कर, दोन वर्षं. कोडिंग, सपोर्ट, काहीही. सपोर्टला लोक कमी लेखतात, पण तिथे रोज कान तयार होतो. एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा) शीक, स्वतःचा आकडा स्वतः काढता आला पाहिजे, दुसऱ्याने काढून दिलेल्या डॅशबोर्डवर माझी कशी फसगत झाली ते वर लिहिलंय. आणि विचारायला शीक. "असं फीचर दिलं तर वापराल का?" असं विचारलंस तर आपल्याकडे माणसं पाहुण्याचं मन मोडत नाहीत, "हो" म्हणतात, चहा देतात. त्याऐवजी विचार, "काल हे काम कसं केलंत?" आणि मग गप्प बस. गप्प बसणं मला सगळ्यात उशिरा जमलं. कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, त्या पैशात एसटीने फिर.

@टर्मिनल, दोन गोष्टी. डेव्हलपरला बरोबर न्यायला हवं होतं, इथे तुम्ही बरोबर आहात. केबलची कल्पना मी परत आल्यावर ज्याला सुचली तो आमचा डेव्हलपरच होता, आणि हे मी मूळ लेखात लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं. पण मालकाने जावं, हे मला पुरेसं वाटत नाही. आमचे मालक दोनदा गेले होते. त्यांना हार घातला, पेढे दिले, सगळं छान चाललंय असं सांगितलं. पहाटे साडेपाचला पोत्यावर बसलेल्या बाईसमोर सचिव जसे वागतात तसे मालकासमोर वागत नाहीत.

टर्मिनल

हाराचा मुद्दा मान्य, त्याचा विचार मी केला नव्हता. पद नको यावर मी अजून ठाम आहे. पाच जणांची टीम असेल तर पाचही जणांनी आळीपाळीने पोत्यावर बसावं, एकाने बसून चौघांना सांगू नये. फुटाणा यांच्या ६० चौकटींना मात्र माझ्याकडे आज उत्तर नाही. आमच्याकडे ४१ आहेत, आत्ताच मोजल्या.