अनुभव धागा: मिक्सरमधली फळं (शेक, स्मूदी, मस्तानी, काहीही)

रानजाई
काल शेजारच्या काकूंनी घोलवडच्या चिकूंचा खोका दिला. निम्मे दगड, निम्मे एकदमच पिकलेले. वास आला आणि थेट डहाणूचं मामाचं घर आठवलं. फ्रीज नव्हता. मामी दूध तापवून पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायची, वर ओलं फडकं. वीज गेलेली असली की चिकू हाताने कुस्करून रवीने घुसळायची. तसा दाणेदार शेक मिक्सरमधून येतच नाही. साखर नावालाही नाही, आणि मामाला मात्र वेगळा ग्लास, साय घालून!
तर तुमच्याकडे काय काय फिरतं? प्रमाण नको, अनुभव लिहा. (प्रमाण लिहिलंत तरी चालेल, खोका संपवायचाय.)

पुणेकर_नाइलाजाने
चिकू, दूध, भिजवलेला खजूर, चिमूटभर जायफळ. चिकू जरा जरी घट्ट लागला तरी थांबा, चिकाने ओठ चिकटतात. बर्फ टाकू नका, चव पाणचट होते. सोलून, बिया काढून फोडीच फ्रीझरमध्ये टाका.

सुगरण_नाहीये
आमच्या जाऊबाईंनी पाहुण्यांसाठी सकाळीच अननस-दूध फिरवून ठेवलं. संध्याकाळी कडूजहर! सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला जिन्यातच गाठलं.

प्रयोगवही
दूधवाला निर्दोष आहे 😄 अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं, ते तुकडे कडू लागतात. कच्चट पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन, तोच प्रकार. फोडी गोठवून उपयोग नाही, उकळून घ्या. डब्यातला अननस चालतो, कारण तो भरताना तापवलेला असतो. नाहीतर करा आणि लगेच पिऊन टाका.

सुगरण_नाहीये
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, तरी त्याचं दूध पातळच असतं.

खानदेशकन्या
माहेर जळगावचं आणि पोरगा केळं बघून तोंड फिरवतो!! डाग पडलेली केळी चकत्या करून फ्रीझरमध्ये, मग दही आणि कोकोबरोबर फिरवायची. आइस्क्रीम म्हणून वाटी चाटतो. साल काढून ठेवा हं. आमच्या ह्यांनी सालीसकट ठेवली होती, सुरीने तासत बसले.

मधलीसुट्टी
शिकरण मिक्सरमधून काढली की दोनशे रुपये होतात, एवढंच मला समजलंय.

वाडा_चिरेबंदी_नाही
आजी दूध-फळ म्हटलं की विरुद्ध अन्न म्हणून कानावर हात ठेवायची. चरकसंहितेत आंबट फळं दुधाबरोबर नकोच म्हटलंय, तिचं सगळं पाठ. आमरसात मात्र वाटीभर दूध ओतायची. विचारलं तर, "तो आमरस आहे." संपला वाद.

जर्सीकाकू
इकडे आंबा म्हणजे पल्पचा डबा, तोही बहुतेक केसरचा. त्यात आधीच साखर असते, ती धरूनच दही घालते. लेक वर आइस्क्रीमचा गोळा टाकून मस्तानी म्हणते. पुण्याच्या लोकांनी वाचू नये.

पुणेकर_नाइलाजाने
वाचलं. गोळा आहे म्हणून माफ. पण दही??

थोडकंच_बरं
बाबांना शुगर आहे आणि रोज सकाळी तांब्याभर आंबा-केळं. "फळंच तर आहेत!" बसून खाल्लं असतं तर एवढं गेलंच नसतं, पिताना कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फळ चावून खा. आता स्ट्रॉबेरीच्या दिवसांत छोटा ग्लास, ताकातला. कुरकुर चालू असते.

रानजाई
@थोडकंच_बरं आमच्याकडेही तेच. चिकूचा खोका त्यांच्यापासून लपवलाय खरं तर. बाबा कसे आहेत आता?

थोडकंच_बरं
बरे आहेत गं. परवाच्या तपासणीत शुगर उतरली, त्या आनंदात जिलबी मागितली.

कोपऱ्यावरची_खिडकी
धाग्याचा विषय सोडून विचारते. मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं रबर कुठे मिळेल? काल जांभळं फिरवली, झाकणातून उडून अख्खी भिंत जांभळी. भाड्याचं घर आहे हो!

मधलीसुट्टी
भिंत तशीच ठेवा, वास्तुशास्त्र म्हणून सांगा.

प्रयोगवही
पुण्यातली बोहरी आळी. भांडं बरोबर न्या, नुसतं माप सांगून जमत नाही.

खानदेशकन्या
शनिवारी जाऊ नका पण, गाडी लावायला जागा मिळत नाही.

सुगरण_नाहीये
मी उद्या रिक्षाने जातेय, कुकरची शिट्टी आणायचीये. तुमचं भांडं कुठल्या कंपनीचं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.