पोलंडमधलं मावाशेविचे: तिथं कामाला जावं का?

कळंबेकर: मंडळी, धाकटा भाऊ शिरोलीत फौंड्रीत फोर्कलिफ्ट चालवतो, एजंट म्हणतोय पोलंडला मावाशेविचे म्हणून गाव हाय तिथं कंटेनर यार्डात काम देतो. नकाशात बघितलं तर बेलारूसच्या बॉर्डरजवळ एवढंसं गाव आणि नुसते रूळच रूळ. एवढ्याशा गावात एवढं काम आलं कुठनं, आणि टिकंल का? आई लई काळजीत हाय.

रूळवेडा: सगळं रुळाच्या रुंदीमुळं. पोलंडचा रूळ 1435 मिमी, बेलारूस-रशियाचा 1520. फरक 85 मिमी, म्हंजे हाताचा पंजा आडवा धरला तर तेवढाच, पण गाडी तिथं अडतेच. चीनचा कंटेनर कझाकस्तान, रशिया करत बेलारूसमधल्या ब्रेस्टला येतो, बुग नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर हे गाव. दोन्ही मापाचे रूळ शेजारी शेजारी, वर क्रेन, या गाडीवरनं उचलायचा त्या गाडीवर ठेवायचा. चीनच्या बॉर्डरला दोस्तिक नाहीतर खोर्गोसला हेच एकदा आधी झालेलं असतंय, कारण चीनचा रूळ पण 1435च.

मिरजवाला: आमच्या मिरजेत हेच होतं की. एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज, म्हंजे तीन रुंदीचे रूळ, एकाच जंक्शनला. वडील ट्रान्सशिपमेंटला हमाल, वॅगनीला वॅगन लावून मधे फळी टाकायची आणि पाठीवरनं पोती न्यायची. हळदीची पोती असली की सदरा पिवळाजर्द व्हायचा, आई तीन-तीनदा धुवायची तरी कॉलर पिवळीच. नंतर गेज एक झालं, प्रवाशांची सोय झाली, पण आमच्या गल्लीतली निम्मी घरं कामाविना बसली. पोलंडचा रूळ काय एवढ्यात बदलत नाही, ती भीती नको.

पंचगंगाकाठ: भीती बॉर्डरची हाय. सप्टेंबर 2025 ला पोलंडनं बेलारूसची बॉर्डर साधारण दोन आठवडे बंद केली, मालगाड्या पण थांबल्या. काम नसलेल्या दिवसाचा पगार मिळणार का हे करारात लिहून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि आईंना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पाचं सांगा, 1943 ते 48 पाचेक हजार पोलिश निर्वासित, बायका-पोरं जास्त, आपल्याकडं राहून गेली. कोल्हापुरात महावीर गार्डनला त्यांचं स्मारक हाय, दाखवून आणा.

कळंबेकर: आईला वळिवडं चांगलं म्हायतीय, आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचे. कराराचा कागद मागवलाय, पगाराची ओळ बघितल्याशिवाय पैसे भरत नाही.