'खरी चेरोकी २००१ मध्येच संपली' याला माझं उत्तर

माहेर_मालवण
परवा 'खडकवाट' यांनी इथे लिहिलं की जीप कंपनीची खरी चेरोकी २००१ मध्ये अमेरिकेतल्या टोलीडोच्या कारखान्यात बंद पडली, त्यानंतर ग्रँड चेरोकी म्हणून जे विकलं जातं तो 'मॉलच्या दारात लावायचा सोफासेट' आहे, आणि तो बनवणाऱ्यांना खडक आणि खड्डा यातला फरक कळत नाही. शेवटचं वाक्य मला लागलं. मी एकोणीस वर्षं डेट्रॉइटच्या आसपास सस्पेन्शनच्या सुट्या भागांच्या टेस्टिंगमध्ये काढली आहेत. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

ज्या एक्सजे चेरोकीला, म्हणजे १९८४ ते २००१ च्या पिढीला, तुम्ही देव्हाऱ्यात बसवलंय, तीच मुळात बंडखोर गाडी होती. तिच्याआधीची १९७४ ची चेरोकी म्हणजे चेसिसवर ठेवलेली बॉडी, हवं तर व्ही८ इंजिन, भलंमोठं धूड. १९८४ च्या मॉडेलला तेव्हा जीप बनवणाऱ्या एएमसी कंपनीने वेगळी चेसिसच काढून टाकली आणि सगळी मजबुती बॉडीच्या पत्र्यात वेल्ड केली. गाडी २१ इंचांनी आखूड झाली, वजन हजार पौंडांनी उतरलं. तेव्हाही जुन्या मंडळींनी 'ही कसली जीप' म्हणून नाकं मुरडलीच होती. आणि एएमसीत पैसा कोणाचा होता? फ्रान्सच्या रेनोचा. १९८७ ला ते लाडकं ४.० लिटरचं सहा सिलिंडरवालं इंजिन आलं, त्याचं इंजेक्शन रेनो आणि बेंडिक्सचं. म्हणून तर त्याला आजही सगळे रेनिक्स म्हणतात. तेव्हा जीप पुढे मर्सिडीजवाल्यांच्या हातात गेली म्हणून बोटं मोडताना हे आठवा.

ग्रँड चेरोकी १९९३ ची. खरं तर ती एक्सजेच्या जागी यायची होती, पण एक्सजे खपत राहिली म्हणून दोघी शेजारी शेजारी विकल्या गेल्या. १९९९ च्या डब्ल्यूजे या तिच्या पुढच्या पिढीत आधीच्या गाडीचे फक्त १२७ भाग उरले. २००५ ला पुढचा सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस) गेला, २०११ ला मागचाही. तुमचं रडणं या दोन ॲक्सलांसाठी आहे, हे मला कळतं. पण २०११ ची डब्ल्यूके२ ही पिढी कुठल्या दिवसांत घडली ते बघा. २००९ मध्ये जीपची मालक क्रायस्लर दिवाळखोरीत. आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी एखादं टेबल रिकामं व्हायचं. लोक खोक्यात कॅक्टसची कुंडी आणि मुलांचे फोटो भरून निघायचे, आणि आम्ही मान वर करून बघायचो नाही. मग २०१० च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या जेफरसन नॉर्थ कारखान्यात ही गाडी सुरू झाली, दुसरी शिफ्ट लागली, सुमारे ११०० माणसं कामाला लागली. जुलैच्या शेवटी ओबामा तिथे येऊन गेले. त्या 'सोफासेट'वर आमच्या गल्लीतल्या तीन घरांचे हप्ते फिटले.

आणि खडकाचं म्हणाल तर डब्ल्यूके२ चं एअर सस्पेन्शन गाडीचं पोट २०.५ सेंटिमीटरवरून २७ पर्यंत उचलतं. बटण दाबून.

खडकवाट
ताई, तुमच्या मजल्यावरचं वाचून वाईट वाटलं. 'खडक आणि खड्डा' हे वाक्य मागे घेतो. बाकीचं घेत नाही.

माझी ९६ ची आहे, म्हणजे रेनिक्सच्या नंतरची. ते फ्रेंच प्रकरण मला लागू नाही. २ लाख ७० हजार मैल झाले. तुम्ही बटणाचं सांगता, मी तुम्हाला इमोजेन पासचं सांगतो. कोलोरॅडोत यूरेहून टेल्युराइडला जाणारी वाट, माथा १३ हजार फुटांच्या वर. उतरताना माझ्याच चुकीने पुढचं चाक दगडावर आपटलं आणि पुढची चाकं जोडणारा टाय रॉड वाकला. चाकं एकमेकांकडे बघायला लागली. फोनला रेंज नाही, बायको आणि आठ वर्षांची मुलगी सोबत, दुपारचे चार. मी रॉड काढला, दोन दगडांत अडकवला, जॅक उलटा लावून साखळीने आवळत आवळत सरळ केला. दीड तास गेला. मुलगी पाना हातात घेऊन उभी होती. संध्याकाळी आम्ही टेल्युराइडला पिझ्झा खात होतो.

तुमची २७ सेंटिमीटरची हवा तिथे गेली असती तर मी काय सरळ केलं असतं? मला हातात धरता येईल असं काहीतरी गाडीत हवं. एक्सजे ४.२ मीटर लांब, दीड टनाच्या आत. आजची ग्रँड चेरोकी ४.९ मीटर आणि दोन टनांच्या आसपास. याला उत्क्रांती म्हणायचं की सूज, तुम्हीच सांगा.

रांजणगाव_दुसरी_शिफ्ट
तुमचं अमेरिकेचं चालू द्या, पण एक माझं ऐकून घ्या. ती ४.९ मीटरवाली पुण्याजवळ आमच्या रांजणगावच्या कारखान्यातही जोडली गेली, २०२२ च्या शेवटापासून. किंमत किती ठेवली? ७७ लाख ५० हजार, एक्स-शोरूम. इंजिन एकच, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल. व्ही६ नाही, डिझेल नाही. दोन टनांच्या गाडीला भारतात डिझेल नाही, हा निर्णय घेणाऱ्याने कधी आंबेनळी घाट चढलाय का?

आमच्या आजोबांच्या तोंडी जीप म्हणजे महिंद्राची. १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला लागले तेव्हापासून मराठीत 'जीप' हा ब्रँड नाहीच, ती एक जात आहे. तलाठ्याची जीप, दूधसंघाची जीप, वडाप. पुढे त्याच महिंद्राने अमेरिकेत जुन्या जीपच्या घाटाची रॉक्सर विकायला काढली, तर 'ती आमच्या जीपसारखी दिसते' म्हणून जीपवाल्या कंपनीनेच २०१८ ला तक्रार केली. सत्तर वर्षं तो चेहरा आम्ही गावोगाव फिरवला, त्याचं काहीच नाही?

माहेर_मालवण
@रांजणगाव, डिझेलबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. रॉक्सरचा धागा वेगळा काढा, मी येते.

@खडकवाट, टाय रॉडची गोष्ट चांगली आहे. आता माझी. २००६ ला इथे आले तेव्हा पहिली गाडी ९८ ची एक्सजे घेतली, सेकंडहँड. डेट्रॉइटच्या खाली मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात तेच मीठ रस्त्यावर पडतं. विकणाऱ्याने कार्पेट नवं टाकलं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली ओल लागायला लागली, कार्पेट उचललं तर टाचेखाली रस्ता दिसला. जिथे वेगळी चेसिस असते तिथे सडलेला पत्रा बदलता येतो. इथे पत्राच चेसिस. गॅरेजवाल्याने वर्षभर आधी 'सगळं ठीक' म्हणून पैसे घेतले होते, त्याच्यावर माझा राग अजून आहे.

आणि डिकीत डाव्या बाजूला उभी स्टेपनी! मुलाची बाबागाडी कधी सरळ बसली नाही. आठ वर्षांची मुलगी पाना धरते, आठ महिन्यांचं बाळ धरत नाही. गाडी वाढली ती या घरांसाठी वाढली. सूज म्हणू नका.

दांड्याची_भीती
तुम्ही दोघं ॲक्सलवरून भांडताय, आणि ज्याच्यामुळे माणसाचा जीव गेला त्यावर कोणीच बोलत नाही. २०१४ आणि २०१५ च्या ग्रँड चेरोकीचा गिअरचा दांडा. ढकलला की पुन्हा मधे येऊन उभा राहायचा, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये हे हाताला कळायचंच नाही. एप्रिल २०१६ ला जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात याच कंपनीच्या दुसऱ्या मोटारीही होत्या. जूनमध्ये लॉस एंजेलिसला अँटन येल्चिन, २७ वर्षांचा नट, स्वतःच्या घराच्या उतारावर स्वतःची गाडी आणि फाटकाजवळचा खांब यांच्यामध्ये चिरडला गेला.

माझे सासरे तेव्हा साताऱ्याहून आले होते. आम्ही भाड्याने गाडी घेतली होती, वेगळ्याच कंपनीची, नाव लिहीत नाही, पण दांडा तसलाच. घराच्या उतारावर मी उतरले, ते मागून बॅग काढत होते, आणि गाडी हलली. अगदी हळू. ते बाजूला झाले नाहीत, दोन्ही हातांनी गाडी अडवायला गेले, बैलगाडी अडवतात तसे. नवऱ्याने दार उघडून ब्रेक दाबला. त्यांच्या दोन्ही पंजांचे धुळीतले ठसे डिकीच्या दारावर होते. मी ते पुसायला धजले नाही.

नियमावली
वाईट झालं, पण कोणताही दांडा असो, उतारावर हँडब्रेक लावायचा असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं. चालवणाऱ्याने डॅशबोर्डवरचं 'पी' बघायचं, मग उतरायचं. दर वेळी यंत्रालाच दोष देणार का?

दांड्याची_भीती
तुमच्या घरचं माणूस मागे उभं होतं का? नव्हतं ना? मग पुस्तक मला शिकवू नका.

खडकवाट
नियमावली साहेब, चाळीस वर्षं माणसाच्या हाताला जी सवय लावली ती एका रात्रीत काढून घ्यायची आणि वर पुस्तक दाखवायचं, हे मला पटत नाही. माझ्या ९६ मध्ये दांडा 'पी'त गेला की खट्ट आवाज येतो आणि दांडा तिथेच राहतो. आंधळ्यालाही कळेल. बघा ताई, हीच तुमची प्रगती.

माहेर_मालवण
त्या दांड्याचं समर्थन मी करणार नाही. आम्ही टेस्टिंगवाले 'वापरणारा चुकला' असं रिपोर्टात लिहून सुटू शकत नाही. एकाच ठिकाणी इतके लोक चुकतात तेव्हा चूक त्या ठिकाणाची असते. २०१६ च्या मॉडेलला दांडा बदलला, जुन्या गाड्यांत दार उघडलं की आपोआप पार्क होईल असं सॉफ्टवेअर घातलं. उशीर झाला हे खरं. @दांड्याची_भीती, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

पण खडकवाट, याच न्यायाने आता तुम्ही बोला. १९९३ ते २००४ च्या ग्रँड चेरोकीची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, बंपरच्या लगेच आत. मागून धडक बसली की टाकी फुटून आग. २०१३ ला अमेरिकी सरकारच्या सुरक्षा खात्याने अशा टाकीच्या २७ लाख जीप मागे बोलवा म्हणून सांगितलं, भांडून भांडून १५.६ लाखांवर तडजोड झाली, आणि उपाय काय, तर मागे ट्रेलर ओढायचा हुक बसवून देणं. ती टाकी ॲक्सलच्या पुढे कधी आली? २००५ ला. म्हणजे तुम्ही ज्या पिढीला 'जीप मेली' म्हणता त्याच पिढीत.

नियमावली
माझं वाक्य कोरडं झालं, मान्य. हँडब्रेक तरीही लावा.

खडकवाट
तुम्ही ग्रँड चेरोकीच्या टाकीचं सांगताय, मी एक्सजेबद्दल बोलतोय.

माहेर_मालवण
तुमच्या एक्सजेची टाकी कुठे आहे ते उद्या सकाळी वाकून बघा आणि इथे लिहा.

रांजणगाव_दुसरी_शिफ्ट
मी सांगतो, मागेच आहे.

खडकवाट
माहीत आहे मला. माझ्या मुलीने त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलं, आता ती एकोणीसची आहे आणि कॉलेजला तीच गाडी मागते आहे. खडकावरून जाताना मला कधी भीती वाटली नाही. हायवेवर मागे ट्रक आला की वाटते, हे आज पहिल्यांदा लिहितोय. तिला कुठली घेऊन द्यावी? आणि कृपा करून बटणवाली सांगू नका.

माहेर_मालवण
२००८ किंवा ०९ ची ग्रँड चेरोकी बघा. टाकी पुढे, मागचा ॲक्सल अजून सॉलिड. घेण्याआधी कार्पेट उचलून बघा. चारही बाजूंनी.