अण्णांना नुसतं गाडीत बसायचंय, सोलापूरहून कुठं नेऊ?

पार्क_चौक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ असेल तर वाचा आणि सुचवा.

माझे वडील, अण्णा, वय 73. आयुष्यभर मिलमध्ये काम केलं, मिल बंद पडल्यावर एका दुकानात हिशेब लिहायचे. त्यांना रेल्वेचं वेड लहानपणापासूनच. मिलची पाळी सुटली की सायकल सरळ स्टेशनकडं, प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि मद्रास मेल येऊन जाईपर्यंत बाकावर बसायचं. आई म्हणायची, तिथं कोण उतरणार आहे तुमचं? कोणीच नाही, गाडी बघायची एवढंच.

त्यांच्याकडं एक दोनशेपानी वही आहे, 1974 पासूनची, आता अशा चार झाल्यात. ज्या ज्या गाडीत बसले त्या गाडीचं नाव, इंजिन कुठलं, कुठल्या स्टेशनवर किती वाजता पोचली, किती वाजता सुटली, सगळं बारीक अक्षरात. मधेच "कुर्डूवाडीला 14 मिनिटं थांबली, इंजिनात पाणी भरलं" असलं पण लिहिलेलं सापडतं. मी लहान असताना ते मला मांडीवर घेऊन घड्याळ धरायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून रुळांचे ठोके मोजायचे. 47 सेकंदांत जेवढे ठोके तेवढा ताशी किलोमीटर वेग. 62 ठोके आले तर गाडी 62 नी चाललीय. मला ती जादूच वाटायची, कसं काय ते आजपण नीट माहिती नाही.

पण वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून डोक्यात बसलीय. प्रत्येक प्रवासापुढं कारण लिहिलंय. आत्याचं लग्न. काकांचं ऑपरेशन, परळ. मयत, गुलबर्गा. पंढरपूर, आईला घेऊन. पन्नास वर्षांत हा माणूस एकदाही नुसता गाडीसाठी गाडीत बसलेला नाही, तेवढे पैसे आणि तेवढ्या सुट्ट्या कधी नव्हत्याच.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात. परवा चहा पिताना म्हणाले, "एकदा दिवसाच्या गाडीनं जायचंय रे, खिडकीला बसून. उतरायचं कुठंबी नाही, तसंच परत यायचं." मी हो म्हणालोय. आता सांगा, कुठली गाडी, कुठपर्यंत? शक्यतो एका दिवसात परत, सोबत मी आणि माझी मुलगी, चौथीत आहे.

---

जुळे_सोलापूर_२२

दादा, डोळे झाकून वंदे भारत करा. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली तेव्हापासून मी पाच-सहा वेळा गेलोय. सकाळी 6:05 ला सोलापूर सोडते, साडेसहा तासांत सीएसएमटी, 455 किलोमीटर. संध्याकाळी मुंबईहून निघून रात्री पावणेअकराच्या आसपास परत घरी. फक्त जायची आणि यायची गाडी आठवड्यातून एकेक दिवस नसते तेवढं बघून तारीख धरा. खुर्ची मोठी, टॉयलेट स्वच्छ, गुडघ्याचा त्रास असणाऱ्याला यापेक्षा सोपी गाडी नाही. माझ्या आईला नेलं होतं, लोणावळ्यानंतर घाट उतरताना तिनं हातातला डबा तसाच मांडीवर ठेवला आणि कर्जत येईपर्यंत एक घास खाल्ला नाही, नुसतं दरीकडं बघत होती. 1863 साली हा घाट चालू झाला, तेव्हा कुठं मुंबई-पुणे सलग गाडी आली. अण्णांना आवडेल बघा.

---

होटगी_जंक्शन

वंदे भारत चांगलीच आहे, पण काच उघडत नाही. ठोके मोजणाऱ्या माणसाला खिडकीतून वारं आलं पाहिजे, आवाज आला पाहिजे, असं माझं मत.

मी सांगतो, गदग लाइन करा. सोलापूरजवळच्या होटगीपासून कर्नाटकातल्या गदगपर्यंत 284 किलोमीटर, आणि एवढ्यात चार नद्या लागतात. आधी भीमा, मग विजापूर सोडल्यावर अलमट्टीला कृष्णा, पुढं बागलकोटच्या अंगाला घटप्रभा आणि होळे आलूरला मलप्रभा. पावसाळा संपता संपता जा, कृष्णेवरच्या पुलावर गाडी हळू झाली की डब्यातली सगळी माणसं दाराकडं येतात, लहान पोरं नाणी टाकतात, कोणीतरी म्हातारी हात जोडते. मी लहान असताना ही लाइन मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. गोलगुंबज एक्सप्रेस छोट्या रुळावरून सोलापूरला यायची, तो डबा एवढा अरुंद की समोर बसलेल्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. त्याच डब्यात मी कन्नड शिकलो, शाळेत नाही. विजापूरकडच्या बायका टोपलीत बोरं घेऊन चढायच्या, भाव कन्नडमध्ये, हुज्जत मराठीत, आणि सोबत कोण सोलापूरचे पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर, असले तर मधेच तेलुगू. सोलापूरच्या माणसाला याचं काय नवल नाही म्हणा.

एका दिवसात गदग करून परत यायचं म्हणजे दमणूक होईल हे खरं. बादामीला मुक्काम ठेवा, दुसऱ्या दिवशी परत.

---

बार्शीकरीण

तुमच्या वडिलांच्या वहीत पंढरपूर आहे म्हणालात, ते साल कुठलं हो? कारण कुर्डूवाडी-पंढरपूर तेव्हा आमची बार्शी लाइट असणार, अडीच फुटी नॅरो गेज. माझे आजोबा तिच्यावर जीव टाकायचे म्हणून विचारते.

कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइन काढली, 1897 ला बार्शीत पहिली गाडी आली. त्याचं डोकं असं की इंजिन असो का डबा, एका आसावर 5 टनाच्या वर वजन येऊच द्यायचं नाही, मग हलक्या रुळावरूनपण बक्कळ माल नेता येतो. पुढं एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला 1927 ला मिरजेपर्यंत गेली. 1954 ला सरकारनं घेतली. आता सगळी ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुळाची झाली, लातूरहून मुंबईची गाडी बार्शीवरून जाते, सोय झाली, बार्शीच्या पोरांना पुणं जवळ आलं, याचा आनंदच आहे. पण आषाढीला त्या छोट्या डब्यांच्या टपावर बसलेले वारकरी आणि पूर्ण गाडीभर एकच अभंग चाललेला, हे आजोबा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

तुम्ही कुर्डूवाडीला उतरून पंढरपूर करू शकता, पण ते पुन्हा "कारण" झालं. अण्णांना कारण नकोय ना. मग नका करू.

---

गँग_नंबर_सात

मी रेल्वेत ट्रॅकवर होतो, रूळ दुरुस्त करणारा गँगमन म्हणून लागलो, रोज चालत रूळ तपासणारा कीमन होऊन रिटायर झालो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. 47 सेकंदाचं गणित ज्यानं मांडलं तो माणूस मला भेटायला पाहिजे.

सांगतो कसं ते. रूळ 13 मीटरचा असतो. दोन रुळांच्या मधे फट ठेवतात, सोलापूरच्या उन्हात लोखंड वाढतं ना, त्याला जागा लागते, आणि दोन्ही टोकं फिशप्लेटनं, म्हणजे बोल्ट लावलेल्या लोखंडी पट्ट्यांनी बांधतात. चाक त्या फटीवरून गेलं की ठोका. 47 सेकंदांत जेवढे ठोके तेवढ्या वेळा 13 मीटर गाडी गेली, हिशेब करून बघा, बरोबर ताशी किलोमीटर येतो, नेमका आकडा 46.8 सेकंद आहे. आम्ही रोज खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन त्याच फिशप्लेटचे बोल्ट आवळत चालायचो, एकेक करून, उन्हातान्हात. वरून गाडी गेली की आम्ही बाजूला उभं राहून ठोका ऐकायचो, सांधा ढिला असला की आवाज वेगळा येतो, हे कानालाच कळतं.

आता रूळ वेल्ड करून लांबच्या लांब एक केलेत, म्हणून ठोका येत नाही. अण्णांनी ते मोजायचं सोडलं असेल तर त्यांचं वय झालं म्हणून नाही, रूळच बदलले म्हणून. त्यांना हे जरूर सांगा.

आणि गाडीचं म्हणाल तर माझं ऐका. सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, सेकंड सिटिंग म्हणजे बिनएसीचा बसायचा डबा काढा, खिडकी उघडते. बुकिंग करताना विंडोची पसंती द्या. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे पण सेकंड सिटिंगचं तिकीट परवडतं. पुण्यापर्यंत जाऊ नका, दिवसभर तिथं काठी घेऊन कुठं फिरणार. दौंडला उतरा. दौंडला मनमाडकडची लाइन आणि पुण्याची लाइन एकत्र येते, बाकावर बसलं की गाड्यांना तोटा नाही. डबा खा, दुपारच्या उद्यान एक्सप्रेसनं परत या, चारसाडेचारच्या सुमाराला सोलापूर. वेळ मात्र आदल्या दिवशी बघून घ्या.

जाताना जिंती रोड गेलं की सावध रहा, भिगवणच्या आधी उजनी धरणाचं पाणी येतं, गाडी पुलावरून जाते. डिकसळचा जुना दगडी पूल दाखवा त्यांना, पुढं रस्त्याला वापरला पण मूळचा तो रेल्वेचाच. थंडीत गेलात तर रोहित पक्षी दिसतील.

---

पार्क_चौक

काका, तुमची पोस्ट अण्णांना वाचून दाखवली. "रूळच बदलले" या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले. बरीच वर्षं त्यांना वाटत होतं की कान गेले. आम्हाला कोणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

दौंड पक्कं. @बार्शीकरीण ताई, वहीत बघितलं, साल 1979, "कुर्डूवाडी ते पंढरपूर, छोटी गाडी, लई गर्दी, आईला जागा मिळाली" एवढंच लिहिलंय.

---

बार्शीकरीण

आईला जागा मिळाली हे लिहून ठेवणारा माणूस! माझा नमस्कार सांगा त्यांना.

---

गँग_नंबर_सात

अजून एक. ठोके नाहीत तर वेग कसा मोजायचा ते लिहायचं राहिलं. लाइन इलेक्ट्रिक झालीय, बाजूच्या खांबांवर आकडे असतात, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरातला खांबाचा नंबर. किलोमीटर मुंबईपासूनचा आहे, सोलापूरला 455 च्या आसपास, आणि मुंबईकडं जाताना कमी कमी होत जातो. वरचा आकडा बदलला की घड्याळ चालू, परत बदलला की बंद. 3600 ला तेवढ्या सेकंदांनी भागा. 36 सेकंद लागले तर गाडी शंभरनी चाललीय. हे नातीला शिकवा, तिचे डोळे चांगले.

---

पार्क_चौक

जाऊन आलो मंडळी. काल.

पहाटे पाचला उठून बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात नवीन पेन. बायकोनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बांधून दिलं. रिक्षातून उतरल्यावर अण्णा आधी काठी टेकत इंजिनापर्यंत चालत गेले, नंबर वहीत लिहिला, मगच डब्यात चढले. मी म्हणत होतो गाडी सुटेल, ते म्हणाले अजून अकरा मिनिटं आहेत, आणि होतीच.

बाळे, पाकणी, मोहोळ, प्रत्येक स्टेशन जायच्या आधी ते नाव घ्यायचे आणि मग पाटी दिसायची. माढ्याच्या पुढं पोरगीनं खांबावरचा आकडा वाचायला सुरुवात केली. ती ओरडायची "बदलला!" आणि अण्णा घड्याळ बघायचे. पहिल्यांदा 41 सेकंद आले. तिनं वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, 87 आणि वर थोडं. अण्णांनी परत एकदा स्वतः करून बघितला. मग जेऊरपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं, समोरचे कॉलेजचे दोन पोरंपण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्यांच्यात बसले. सगळ्यात कमी 35 सेकंद आले.

उजनीच्या पाण्यावर मात्र अण्णांनी घड्याळ खाली ठेवलं. ऊन वर आलेलं, पाणी एकदम पांढरं दिसत होतं, लांब कडेला गुलाबी पट्टा होता, पोरगी म्हणाली ते पक्षी आहेत, मला नीट दिसलं नाही. डिकसळचा पूल दिसला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्याच्यावरनं माझे वडील गेलेत."

दौंडला तीन तास बसलो. मला वाटलं होतं कंटाळतील. भाकरी खाता खाता मालगाडीचे डबे मोजले, 58. येताना उद्यानमध्ये खिडकीला डोकं टेकून कुर्डूवाडीपर्यंत झोपले, आणि कुर्डूवाडीला आपोआप उठले, वेळ लिहिली, परत झोपले.

रात्री वही बघितली. गाडी, इंजिन, वेळा सगळं आहे. कारणाच्या जागी लिहिलंय, "गाडीत बसायला. सोबत नात."

@होटगी_जंक्शन, आता विचारायलेत की अलमट्टीला कृष्णा कुठल्या बाजूच्या खिडकीतून चांगली दिसते. बादामीचा मुक्काम मी बघतो, तुम्ही बाजू सांगा.