वस्तीतला साक्षरता वर्ग महिनाभरात ओस पडतो, काय करावं?

प्रश्न: मुंबईतल्या एका वस्तीत आमच्या संस्थेतर्फे बायकांसाठी वर्ग काढतोय. वीस नावं आलीत. वेळ, पुस्तकं, परीक्षा कसं बसवायचं?

उत्तर १: आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा, मग वेळ ठरवा. बहुतेक ठिकाणी दुपारी २ ते ३:३० जमतं. वीसजणींना एक शिकवणारी पुरत नाही, दोघी हव्यात. अ-आ-इ पासून सुरुवात नको. ग, म, भ, न घ्या. पहिल्याच आठवड्यात 'मन', 'नग', 'गगन' वाचता येतं आणि हुरूप टिकतो. सोबत बसचे नंबर, गॅसची पावती.

उत्तर २: चष्म्याचं कुणी बोलत नाही! फळा वाचते, पण पुस्तक हात लांब करून धरते? मग अडचण डोक्यात नाही, डोळ्यांत आहे. चाळिशीपुढच्या सगळ्यांचे डोळे आधीच तपासून घ्या. जवळचा नंबर साधारण +१ ते +२.५ निघतो.

उत्तर ३: परीक्षेसाठी 'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात नोंदणी करा, वय १५ च्या पुढे, जवळच्या शाळेमार्फत. १५० गुण: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. प्रत्येकात ३३ टक्के लागतात. नाव आधारवर आहे तसंच लिहा. माहेरचं-सासरचं झालं की प्रमाणपत्रावर घोळ.